सातची गोळी आणि नऊचा चहा

पुलाचा चढ संपेपर्यंत दोघी जावा एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. दवाखान्यापासून घर तासाभराच्या वाटेवर होतं. रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवल्यामुळे आठ दिवस बस बंद होती. सकाळी जाताना दोघी झपझप गेल्या होत्या, आता येताना पाय ओढत येत होत्या. धाकटी पुढे, थोरली दोन पावलं मागे. धाकटीच्या खांद्यावरच्या पिशवीतून रिपोर्टच्या पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं, आणि थोरलीची नजर काही केल्या त्या टोकावरून हलत नव्हती.

पाकिटात सासूबाईंच्या रक्ताचा आकडा होता. नऊ पॉइंट सात.

सासूबाईंचा उजवा गुडघा बदलायचा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून त्या सव्वा वर्षात स्वतःच्या पायांनी खाली उतरल्या नव्हत्या. सर्जन तोंडावर बोलणारा माणूस. त्यानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, "रक्त अकराच्या वर आणा, मग मी चाकू हातात घेतो. त्याआधी नाही." सहा आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत रक्त नऊ पॉइंट नऊवर आलं होतं. आज ते अकरावर असेल या भरवशावर ऑपरेशनची तारीख पडली होती. सर्जननं कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा पाहिला आणि तारखेवर काट मारली.

"गोळ्या नियमानं देता ना?"

"रोज," धाकटी म्हणाली. "माझ्या हातानं देते. सकाळी सात वाजता."

"मग पोट त्या गोळ्या घेत नाहीये. किंवा आत कुठेतरी रक्त झिरपतंय. परवा सकाळी घेऊन या. तोंडातून दुर्बीण घालून पोट बघून घेऊ. एकच्या आत फोन करून नंबर पक्का करा."

थोरली तेव्हा दाराशी उभी होती. पोट गोळ्या का घेत नाही, हे त्या खोलीत एकट्या तिलाच ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं नाही.

आता पुलावर वारा होता. धाकटी मागे वळून म्हणाली, "ताई, दमलात का? बसायचं जरा?"

"मी कशानं दमतेय? चल तू."

एवढंही ती धड बोलली नाही, फटकारल्यासारखं बोलली. धाकटीशी गोड बोलायला थोरलीला अकरा वर्षांत जमलं नव्हतं. तिला स्वतःला ते कळत होतं, देवासमोर ती ते कबूलही करायची. पण देवासमोर कबूल करणं सोपं. देव उलटून बोलत नाही.

धाकटी या घरात आली ती दहावी झालेली, खोक्यांच्या कारखान्यातून. औषधाच्या बाटल्या आणि पाकिटं खोक्यांत भरायचा तो कारखाना होता. तिचं काम एवढंच, की प्रत्येक खोक्यात बारीक अक्षरांचा एक घडीचा कागद घालायचा. दिवसाला हजारो कागद. बाकीच्या बायका गप्पा मारत कागद घालायच्या. हिला एकदा वाटलं, आपण रोज लोकांच्या घरी हजारो पत्रं पाठवतोय आणि त्यांत काय लिहिलंय ते आपल्यालाच माहीत नाही. एक कागद ती घरी घेऊन आली. भिंग लावून, शब्दकोश घेऊन तो वाचायला तिला आठवडा लागला. मग दुसरा आणला. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत साड्यांखाली अशा कागदांचा गठ्ठा होता. जाडजूड दोऱ्यात ओवलेला.

थोरलीनं तो गठ्ठा पाहिला तेव्हा ती मनात हसली होती. माणसं काय काय जपतात!

थोरली स्वतः बारावी पास, तीही पहिल्या वर्गात. तिला शिक्षिका व्हायचं होतं. लग्न झालं, दोन मुलं झाली, मग सासूबाईंचे गुडघे धरले, आणि शिक्षिका व्हायचं राहिलं ते राहिलंच. त्याचं तिला फार वाईट वाटत नसे. घर तिच्या हातात होतं. किल्ल्या तिच्याकडे, सासूबाई तिच्याकडे. नातेवाईक आले की म्हणायचे, "थोरलीनं घर सांभाळलंय हो." या एका वाक्यावर ती आठवडाभर जगायची.

मग धाकटीला चौकातल्या औषधाच्या दुकानात काउंटरवर काम लागलं.

दुकानाचे मालक औषधशास्त्र शिकलेले, वयस्कर, कमी बोलणारे. चिठ्ठी ते वाचायचे, औषध ते काढायचे. धाकटीनं पिशवीत भरून द्यायचं, बस. पण पिशवी देताना ती गिऱ्हाइकाला विचारायची, "अनशापोटी घेता की जेवल्यावर?" पहिल्या महिन्यात मालक चिडले. दुसऱ्या महिन्यात ऐकू लागले. तिसऱ्या महिन्यात एखाद्यानं त्यांना काही विचारलं तर ते हनुवटीनं धाकटीकडे खुणवायचे. वर्षभरात तिचं खरं नाव मागे पडलं. लोक यायचे आणि विचारायचे, "अनशापोटी आहेत का आज?"

एकदा थोरली सासूबाईंसाठी पट्टी आणायला दुकानात गेली, तर पुढे पाच माणसं. तिला वाटलं, आपण घरच्या, सरळ आत जाऊ. पण धाकटीनं तिला पाहिलंसुद्धा नाही. समोर एक धिप्पाड बसचालक उभा होता, हातात गोळ्यांचं पाकीट.

"रक्तवाढीची गोळी कशाबरोबर घेता?" धाकटी त्याला विचारत होती.

"चहाबरोबर. सकाळी ड्यूटीवर जाताना."

"किती महिने झाले?"

"तीन."

"आणि रक्त?"

"तिथंच आहे की हो!"

"मग तुम्ही गोळी घेतच नव्हता दादा, तुम्ही ती चहाला खाऊ घालत होता. चहा लोहाला धरून ठेवतो, अंगात जाऊ देत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, लिंबू त्याला आत सोडतं. चहा दोन तासांनी."

"दोन तास चहा नाही? मग बस कोण चालवणार?"

अख्खी रांग हसली. धाकटीही हसली. "गोळी झोपताना घ्या मग. तेव्हा काय चालवता, घोरणं?"

पुन्हा हशा पिकला. रांगेतली एक म्हातारी पुढे सरकून म्हणाली, "ती हाडांची पिवळी गोळी मीपण अनशापोटी घेते गं बाई, तू म्हणतेस तशी."

"अहो आजी, मी कुठे म्हटलं? ती तेलात विरघळणारी. उपाशीपोटी घेतलीत तर आली तशी जाईल. दुपारच्या जेवणात तेल-तूप असतं ना, त्या घासांबरोबर घ्या."

"तूच तर अनशापोटी!"

"गोळी गोळीत फरक असतो आजी. माणसामाणसांत असतो तसा."

थोरली पट्टी न घेताच घरी आली. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, "संपली होती." वास्तविक तिचंच काहीतरी संपलं होतं. बारावी पास कोण, दहावी पास कोण, आणि पाच-पाच माणसं रांग लावून ऐकतायत कोणाचं? तिला वाटलं, लोकांना काय, घरातलं सोडून बाहेरचं गोड लागतं. मग वाटलं, ही तर घरातलीच आहे. तिथं तिचा विचार अडला, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्या दिवसापासून धाकटीच्या प्रत्येक गोष्टीत तिला काहीतरी दिसायला लागलं. धाकटी चप्पल काढताना पाय झटकते, ते दिसायला लागलं. घरी आल्यावर आधी सासूबाईंच्या खोलीत डोकावते, ते दिसायला लागलं. सोसायटीच्या जिन्यात कोणी भेटलं की थांबून विचारतं, "अहो, जरा एक विचारू का?" आणि ही पिशव्या खाली ठेवून दहा-दहा मिनिटं उत्तर देते. त्या वेळी मागे पिशव्या घेऊन उभी असलेली थोरली कोणालाच दिसत नसे. असूया ही अशी चीज आहे, की ती भूक लागल्यासारखी वेळेवर लागते आणि काही खाल्लं तरी भागत नाही.

पण सासूबाईंच्या गोळ्या मात्र थोरलीकडे होत्या. त्या प्रांतात धाकटीनं पाऊल टाकलं नव्हतं.

थोरलीची पद्धत चार वर्षांची. सकाळी आठ वाजता सगळ्या गोळ्या एकदम तळहातावर. रक्ताची, कॅल्शियमची, रक्तदाबाची, शिवाय दोन आणखी. सासूबाईंनी मूठ तोंडात रिकामी करायची आणि वर कडक, दुधाचा, गरम चहा. पाण्यानं गोळी घशात अडकते अशी सासूबाईंची तक्रार होती, चहानं कशी सुळकन जाते. चार वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. तापात फणफणत असताना थोरलीनं उठून तो चहा केला होता. ही मूठ आणि हा चहा म्हणजे तिची दिवसाची पहिली पूजाच.

सर्जननं अकराचा आकडा सांगितला तेव्हा रक्त आठ पॉइंट तीन होतं. गोळीची ताकद वाढवून दिली. थोरलीनं चार महिने त्याच मुठीत, त्याच चहाबरोबर ती दिली. चार महिन्यांनी रक्त आठ पॉइंट पाच.

त्या दिवशी जेवताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? राग नका मानू."

राग नका मानू म्हणून सुरू झालेलं वाक्य कोणाला राग न आणता संपलंय असं कधी झालेलं नाही. धाकटीनं सांगितलं ते थोरलीला दुकानातल्या रांगेतून आधीच माहीत होतं. रक्ताची गोळी चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नको, दोघी एकाच दारातून आत घुसायला बघतात आणि कोणीच धड जात नाही. सकाळी सात वाजता उपाशीपोटी, लिंबाच्या पाण्याबरोबर. मळमळलं तर दोन घास खाऊन, पण दूध नाही. चहा नऊ वाजता. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर.

"मग चार वर्षं तू गप्प का होतीस?" थोरलीच्या नवऱ्यानं विचारलं.

धाकटी ताटाकडे बघत म्हणाली, "ताई देत होत्या ना."

दुसऱ्या दिवसापासून गोळी धाकटीकडे गेली. तिनं मागितली नव्हती. थोरलीनंच डबा तिच्यासमोर आपटला होता, "एवढं कळतंय तर दे तूच!" आपटताना वाटलं होतं, ती म्हणेल, नाही हो ताई, तुम्हीच द्या. तिनं डबा उचलला.

सहा आठवड्यांत रक्त नऊ पॉइंट नऊ झालं.

सर्जन खूश. "कोणी दिल्या गोळ्या?" सासूबाई चाकाच्या खुर्चीतून म्हणाल्या, "माझ्या धाकटीनं हो. हुशार आहे पोर." घरी आल्यावर त्या शेजारच्या बाईंना फोनवर तेच म्हणाल्या. मुलीला फोनवर तेच म्हणाल्या. रात्री जेवताना थोरलीचा नवरा हसत म्हणाला, "म्हणजे चार वर्षं आपण चहालाच रक्त पाजलं!" तो म्हणाला 'आपण', पण बघितलं बायकोकडे. थोरलीनं उठून भाजीचं भांडं आत नेलं आणि स्वयंपाकघरात उगाच नळ सोडून उभी राहिली.

आणि मग तो चहा सुरू झाला.

धाकटी सातला गोळी द्यायची, लिंबाचं पाणी प्यायला लावायची, म्हणायची, "आई, नऊपर्यंत चहा नाही हं." सव्वासातला ती कामावर जायची. दार लागलं की सासूबाई स्वयंपाकघराच्या दिशेनं बघत बसायच्या. एका सकाळी म्हणाल्या, "नऊ कधी गं वाजायचे? दोन तास म्हणजे युग लोटतं. आणि ते लिंबाचं पाणी, ईऽऽ, तोंड अगदी चिंचेसारखं होतं. तुझ्या हातचा घोटभर चहा मिळाला तर जिवात जीव येईल."

तुझ्या हातचा. थोरलीनं चहा टाकला. त्या दिवशी तिनं तो कळवळ्यानं केला होता, हे ती शपथेवर सांगू शकली असती.

दुसऱ्या दिवशीचं शपथेवर सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी दार लागायच्या आधीच पातेलं गॅसवर होतं. सासूबाई चोरून हसल्या, थोरलीही हसली. "धाकटीला सांगू नको हं, रागावेल," सासूबाई म्हणाल्या आणि कप दोन्ही हातांत धरून फुंकर घालत बसल्या. त्या वीस मिनिटांत सासूबाई तिच्या असत. गेलेल्या बहिणींच्या गोष्टी सांगत, जुनी भांडणं सांगत, कोणाचं लग्न कसं मोडलं ते सांगत. धाकटीला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. आणि थोरलीला पक्कं माहीत होतं, की तो चहा गोळीच्या मागोमाग आत जाऊन काय करतोय. रांगेत उभं राहून ऐकलेलं वाक्य तिला पाठ होतं. रोज चहा झाल्यावर ती देवासमोर हात जोडायची, पण पहिल्यासारखे डोळे मिटायची नाही.

ऑपरेशन रद्द व्हावं असं तिला वाटत नव्हतं. एवढंच वाटत होतं, की आकडा जरा कमी वाढावा. हुशार आहे पोर, हे जरा कमी ऐकू यावं.

पूल मागे पडला. उजव्या हाताला रोपवाटिका लागली. तिच्या कुंपणापाशी रस्त्यात घालायचे मोठे सिमेंटचे पाइप आडवे टाकलेले होते. धाकटी तिथं थांबली. ऊन डोक्यावर आलं होतं.

"ताई, माझंच काहीतरी चुकलंय."

"तुझं काय चुकणार?" थोरली म्हणाली. यात टोमणा होता, पण धाकटीपर्यंत तो पोचला नाही.

"लिंबू कमी पडत असेल. की मध्ये मालकांनी दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, ती बरोबर नसेल? की मी घाई करते, सातच्या ऐवजी कधी पावणेसातला उठवते, झोपेत नीट गिळत नसतील..." ती बोटं मोडत बोलत होती. "दुकानात शंभर लोकांना शहाणपण शिकवते मी. आणि घरात, माझ्याच हातानं दिलेली गोळी लागू पडत नाही. कोणत्या तोंडानं उभी राहू काउंटरवर? उद्यापासून पिशवी भरून द्यायची आणि तोंड बंद. मालक आधी म्हणत होते तेच बरोबर."

थोरली हे ऐकत उभी राहिली. हेच तर तिला हवं होतं. सहा आठवडे रोज सकाळी तिनं पातेल्यात याच्यासाठीच चहा उकळला होता. आता ते समोर उभं होतं, घामेजलेलं, बोटं मोडत. बरं वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते अर्धा घोट होतं न होतं, तोवर संपलं.

धाकटीनं पिशवीतून फोन काढला. "पावणेएक झाला. नंबर पक्का करून टाकते. परवा सकाळची दुर्बीण." मग फोन हातात धरून म्हणाली, "आईंना कसं सांगायचं हो? दाताच्या डॉक्टरनं नुसता आरसा तोंडात घातला तर त्या किती घाबरल्या होत्या. एवढी लांब नळी घशातून..."

तेव्हा थोरलीनं तिचा हात धरला.

"नको करूस फोन."

"का?"

"त्यांच्या पोटाला काही झालेलं नाही. मी देते चहा. तू गेलीस की."

धाकटीला आधी कळलंच नाही. "कधी?"

"सव्वासातला. दार लागलं की."

"किती दिवस?"

"मागच्या तपासणीपासून. सहा आठवडे."

"रोज?"

"रविवार सोडून."

"रविवारी का नाही?"

"रविवारी तू घरी असतेस."

रस्त्यावरून विटांनी भरलेली गाडी गेली. तिची धूळ बसेपर्यंत दोघी उभ्या होत्या. मग धाकटी त्या सिमेंटच्या पाइपवर बसली, साडी सावरायचंही भान न ठेवता.

"तुम्हाला माहीत नव्हतं का ताई, चहानं काय होतं ते?"

माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. वाट मोकळी होती. धाकटीनंच ती करून दिली होती. पण थोरलीला वाटलं, आता खोटं बोलले तर आज संध्याकाळी दिवा लावायला हात उठायचा नाही.

"माहीत होतं."

"बारावी पास आहात तुम्ही," धाकटी म्हणाली. ओरडून नाही, साधं. थोरलीला ते मुस्काटात बसल्यासारखं लागलं. "मी रोज गोळी देऊन जिना उतरायची आणि वर तुम्ही ती पुसून टाकायचा. आणि तिकडे डॉक्टरसमोर मी छाती काढून सांगितलं, माझ्या हातानं देते! तुम्ही दाराशी उभ्या होतात. ऐकत होतात."

"हो."

"ते म्हातारं माणूस परवा नळी गिळणार होतं."

"म्हणून तर बोलले."

"उपकार झाले!"

धाकटीनं फोन लावला. पलीकडून दवाखान्यातल्या बाईंचा आवाज थोरलीलाही ऐकू येत होता. धाकटी म्हणाली, "परवाची दुर्बीण थांबवता येईल का, डॉक्टरांना विचाराल? गोळी चुकीच्या पद्धतीनं जात होती. हो, गोळीवर लगेच चहा होत होता. हो. चार आठवडे नीट देतो आणि पुन्हा रक्त तपासतो. तरी नाही वाढलं तर मग आणतोच." पलीकडून काहीतरी विचारलं. धाकटीनं थोरलीकडे वर पाहिलं. "चूक घरातलीच झाली," ती म्हणाली. "घरातल्यांकडूनच."

बाईंनी थांबायला सांगितलं. दोघी थांबल्या. मग पलीकडून निरोप आला, की डॉक्टर म्हणतात ठीक आहे, चार आठवडे. पण ऑपरेशनची तारीख आता पुढल्या यादीत. तीन महिन्यांनी.

तीन महिने. तिसरा मजला, खिडकी, तो गुडघा. थोरलीला ते तीन महिने आपल्याच पायांत आल्यासारखे वाटले. तीही पाइपवर टेकली, मध्ये हातभर जागा सोडून.

"घरी सांगायचं असेल तर सांग," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही."

"मी कशाला सांगू? तुम्ही सांगा नाहीतर नका सांगू. मला आधीच चार माणसं चांगली म्हणतात, त्यात अजून भर नको. त्या चांगलं म्हणण्यानंच तर हे सगळं झालं ना?"

म्हणजे हिला कळत होतं तर, थोरलीच्या मनात आलं. एवढे दिवस सगळं कळत होतं.

"तुम्हाला वाटतं, मला काही वाटत नाही," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता, दुकानातला राहिला नव्हता. "मी गोळी हातावर ठेवली की आई आधी विचारतात, थोरली उठली का? पाणी पितात आणि तोंड भिंतीकडे करतात. मी म्हणते नऊपर्यंत चहा नाही, तर हं म्हणतात, शाळेतल्या मुलानं बाईंना म्हणावं तसं. अकरा वर्षांत मला एकदाही म्हणाल्या नाहीत की तुझ्या हातचं काहीतरी दे. चारचौघांत हुशार म्हणतात मला. हुशार तर मालकांनाही म्हणतात." ती थांबली. "मला तुमचा फार राग येतो ताई. आजचा नाही म्हणत मी. आजचा तर येतोच. आधीपासूनचा."

थोरलीनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं, की आपल्यावरही कोणाला जळता येईल. आणि खरं सांगायचं तर या घडीलाही, उन्हात, अपराधी बसलेली असताना, ते ऐकून तिला आत कुठेतरी गोड वाटलं. लगेच लाज वाटली. देवा, मी कधी सुधारणार?

"त्या तुला काय सांगतात सकाळी, चहा घेताना?" धाकटीनं विचारलं.

"बहिणींचं सांगतात. जुनं जुनं."

"कोणत्या बहिणी?"

"दोन होत्या. गेल्या."

"मला माहीतच नाही," धाकटी म्हणाली.

रोपवाटिकेतला माणूस झारीनं पाणी घालत कुंपणापर्यंत आला, त्यानं दोघींकडे पाहिलं आणि परत फिरला. धाकटी उठली. तिनं साडीची धूळ झटकली, रिपोर्टचं पाकीट पिशवीत खोल सारलं आणि चालायला लागली. या वेळी ती पुढे गेली नाही. थोरली उठेपर्यंत थांबली. दोघी खणलेल्या रस्त्याच्या कडेनं, एकीमागे एक जायला लागेल अशा अरुंद जागेतून चालू लागल्या. थोरली पुढे होती, त्यामुळे धाकटीचं तोंड तिला दिसत नव्हतं, फक्त मागून आवाज येत होता.

"उद्यापासून डबा तुमच्याकडे घ्या. गोळी सातला, लिंबाचं पाणी पूर्ण ग्लास, कॅल्शियम रात्री. ते तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू. मला गोळी देता येते हो, पण नंतरचे दोन तास मला जमत नाहीत. मी तर जिना उतरलेली असते. आणि घरी असले तरी माझ्यासाठी त्या दोन मिनिटं थांबायच्या नाहीत. तुमच्या चहासाठी दोन तास थांबतील. तुम्ही जवळ बसा, त्यांना बोलतं ठेवा, त्या बहिणींचं काढा, काय वाट्टेल ते काढा. पण नऊ वाजेपर्यंत पातेलं गॅसवर ठेवू नका. एवढं करता का ताई माझ्यासाठी?"